चटईवरचे बूट

आमच्या घरात रविवारी सकाळी ‘छान’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. इतर दिवशी तुम्ही भाजीला छान म्हणा, शेजारच्या काकूंच्या नव्या पडद्यांना म्हणा, कोणी अडवत नव्हतं. पण रविवारी पोहे संपले, पुढच्या खोलीत चटई अंथरली गेली आणि बैठक सुरू झाली, की तो शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांच्या ताटल्या घासायच्या. कायदा बाबांचा. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. नागपूरच्या नंदनवन वस्तीतून बसनं जायचे आणि येताना भुवयांवर थोडी राख घेऊन यायचे. “छान म्हणजे काय? डोकं चालवायचं नसलं की माणूस छान म्हणते,” ते म्हणायचे. “काहून आवडलं ते सांगा.” तर प्रत्येकानं आपलं आवडतं पुस्तक आणून चटईवर ठेवायचं, समोर गजराचं घड्याळ असायचं, आणि पाच मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी वाटेल ते प्रश्न विचारायचे. आणि शेवटचा नियम, जो या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे: जे चटईवर आलं ते पुढच्या रविवारपर्यंत घराचं. ज्याला हवं त्यानं उचलून न्यावं, मालकानं हूं की चूं करू नये.

दसऱ्याला लोक आपट्याची पानं लुटतात, आम्ही पुस्तकं लुटायचो. दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर स्टॉल लागायचे, त्या गर्दीत प्रत्येकानं स्वतःचं एक पुस्तक निवडायचं, आणि घरी येईपर्यंत कोणी कोणाचं बघायचं नाही असा आमचा रिवाज होता. आईची निवड मात्र सगळ्यांना आधीच ठाऊक असायची. तिला खून लागायचा. ज्या पुस्तकात निदान एक मुडदा पडत नाही ते पुस्तक तिच्या लेखी कपड्यांच्या घडीखाली घालायच्या लायकीचं. तिच्या पाच मिनिटांतल्या पहिल्याच मिनिटाला ती खुन्याचं नाव सांगून टाकायची, आणि उरलेला वेळ, आपल्याला त्याचा संशय कधीपासून होता हे पटवण्यात घालवायची. बाबा कपाळाला हात लावायचे. माझा थोरला भाऊ मिलिंद स्कूटर दुरुस्तीचं एक तेलकट पुस्तक आणायचा आणि कार्बोरेटरबद्दल अशा आवाजात बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं एखाद्या मुलीबद्दल बोलतो आहे. मी त्या काळात जंगलात हरवलेल्या मुलांच्या एका गोष्टीवर जीव टाकला होता. त्या पुस्तकाची सुरुवातीची पानंच नव्हती, त्यामुळे ती मुलं जंगलात कशाला गेली होती हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि आजोबा, म्हणजे बाबांचे वडील. त्यांचं नाव डोमाजी. लहान चणीचे, पांढरं धोतर, पांढरी बंडी, आणि हसले की डोळे पार नाहीसे. गावातून तरुणपणी नागपूरला आले, गिरणीत लागले, आणि दोन मुलांचे बाप झाल्यावर वस्तीतल्या वर्गात जाऊन वाचायला शिकले. त्या वर्गात मिळालेलं पहिलीचं पुस्तक हेच त्यांचं आवडतं पुस्तक. दर रविवारी तेच. पुठ्ठा जाऊन त्यावर कॅलेंडरचा कागद लागलेला. ते पुस्तक चटईवर ठेवायचे, घसा खाकरायचे, आणि एखादा धडा, त्यातल्या गाईसकट आणि विहिरीसकट, सभेत भाषण करावं तसा वाचून काढायचे. मग बाबा नियमाप्रमाणे विचारायचे, “काहून आवडलं?” आणि आजोबा दर वेळी तेच उत्तर द्यायचे, “काहून का हे मले वाचता येते.” आणि घड्याळ पुढच्याकडे वळायचं. ते पुस्तक कोणी आठवडाभरासाठी मागितल्याचंही मला आठवत नाही.

अशा या घरात भिलाईचा मामा एक दिवस खोकं घेऊन आला. खोक्यात बूट होते. आता माझी भाची, मिलिंदची मुलगी, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बुटांची एक अख्खी भिंत बाळगून आहे. महिन्याच्या शेवटी ती फोन उभा करून ‘या महिन्याचं माझं आवडतं’ असा व्हिडिओ काढते, त्यात चार पुस्तकं आणि एक जोड, आणि त्या जोडाला बूट म्हटलं तर तिला राग येतो. “आत्या, स्निकर्स म्हण ना.” बरं, स्निकर्स. पण आम्हाला तेव्हा तो शब्द माहीत नव्हता आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही. पांढरेशुभ्र, बाजूला लाल पट्टा, जाड तळवा, आणि टाचेत एक पारदर्शक खिडकी. मामानं एक बूट हातात धरून जमिनीवर आपटला. खिडकीत लाल दिवे लागले. झर्रकन लागले आणि विझले. मी किंचाळले. खरंच किंचाळले, आई स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली. मामानं परत आपटला, आणि मग आई, झारा, मिलिंद, मी, सगळे जमिनीवर उकिडवे बसून त्या टाचेकडे बघत राहिलो. “पण एक ध्यानात ठेव, मितू,” मामा म्हणाला, “आत छोटी बॅटरी आहे. ती बदलता येत नाही. संपली की संपली.”

त्या एका वाक्यानं माझं आयुष्य बदललं. माझं नाव संघमित्रा, वय चौदा, आणि त्या दिवसापासून माझी चाल मांजरीची. शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचा समूहनाच होता, त्यात एका ठिकाणी स्टेजवरचे सगळे दिवे घालवून आम्ही मुली अंधारात उड्या मारणार होतो. त्या अंधारात फक्त माझे पाय चमकणार! हे चित्र मला वर्गात दिसायचं, जेवताना दिसायचं, दात घासताना तर इतकं स्पष्ट दिसायचं की पेस्ट हनुवटीपर्यंत यायची. तोपर्यंत एकही दिवा वाया जाता कामा नये. मी घरात बूट घालून चवड्यांवर चालायचे, टाच टेकलीच तर अंडं ठेवावं तशी टेकवायचे. मिलिंद माझा डोळा चुकवून पलंगाखाली शिरायचा आणि अंधारात बूट आपटून बघायचा, की मी वरून गादीवर उड्या मारायचे. “बॅटरी खाऊन राहिला ना बे तू माही!” त्या आठवड्यात घरात इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, सगळं ठीक आहे ना. सगळं ठीक होतं. मी आनंदानं वेडी झाले होते एवढंच.

आनंदात माणसाला नियम आठवत नाहीत. पुढच्या रविवारी लाल रश्श्याचे, तर्रीवाले पोहे झाले, चटई पडली, आईनं आपला नवा मुडदा आणून ठेवला, आणि माझी पाळी आल्यावर मी आत जाऊन ते बूट आणले आणि चटईच्या मधोमध ठेवले. बाबांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या दोन फोटोंकडे, मग माझ्याकडे.

“हे पुस्तक आहे का?”

“नाही. पण आवडतं आहे.”

“इथं पुस्तक ठेवतेत, मितू. पायातलं नाही.”

“पुस्तकाले पाय लागला तर पाया पडायचं नाही, वाचलं नाही तर लाज वाटू द्यायची, असं तुम्हीच म्हणता ना, बाबा? मग पायातल्यानं काय बिघडलं?”

मिलिंदनं शीळ घातली. आईनं पदर तोंडाला लावला, म्हणजे ती हसत होती. बाबांची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे: स्वतःच्याच वाक्यात अडकले की ते सुटायला धडपडायचे नाहीत. त्यांनी घड्याळ माझ्याकडे वळवलं. “बोल. पाच मिनिटं. आणि तो शब्द नाही.”

मी काय काय बोलले देव जाणे, आणि आमच्या घरात देव नसल्यामुळे तेही अवघडच. मी म्हणाले की हे बूट घातल्यावर मला उंच वाटतं. नुसतं पायांनी नाही, मानेनं. म्हणाले की पुस्तक वाचताना मी कुठंतरी जाऊन येते पण लोकांना कळत नाही, आणि हे बूट घातले की लोकांना कळतं की ही कुठंतरी निघाली आहे. म्हणाले की पुस्तकातलं आपल्याला दिसतं, हे आपल्यामुळे दुसऱ्यांना दिसतात. मग मी दोन्ही हातांत बूट घालून चटईवर टाळ्या वाजवाव्या तसे आपटले, दिवे लागले, आणि आई मोठ्यानं हसायला लागली ती थांबेचना. घड्याळाकडे कोणी पाहिलंच नाही. बाबा हसू दाबत म्हणाले, “ठीक. मान्य. आवडतं आहे. आता बैठकीच्या नियमानं, कोणाले पाहिजे का आठवडाभर?”

तेव्हा कुठं मला आठवलं. नियम! पण मी लगेच हिशेब केला: मिलिंदचे पाय नांगराएवढे, आईचे रुंद, बाबांना त्यांचे ते लोखंडी नाकाचे काळे बूटच बरे. कोणालाच होणार नाहीत. मी सुटकेचा श्वास सोडते आहे तोच कोपऱ्यातून आवाज आला.

“मले दे वं.”

आजोबा. ते पुढे सरकले, धोतर सावरून त्यांनी उजवा पाय बुटात घातला, मग डावा, आणि उभे राहिले. अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. पांढऱ्या धोतराखाली ते पांढरे बूट इतके शोभत होते की हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. कारण त्या आठवड्यात आजोबा आमच्या गावी, काटोलकडे, एका लग्नाला जाणार होते आणि मी त्यांच्यासोबत जाणार होते. लग्नाच्या पुढच्याच सोमवारी संमेलन होतं. माझी बॅटरी आजोबांच्या टाचेखाली गेली होती.

नियम तो नियम. पण अटी घालायला बंदी नव्हती. तो सगळा आठवडा मी आजोबांना चालायला शिकवलं. “आजोबा, टाच आपटायची नाही. चवडा आधी. असं. हळू.” सत्तरीचा माणूस गिरणीत जन्म घालवून आता नातीकडून चालणं शिकत होता, आणि एकाही धड्याला त्यांनी कंटाळा केला नाही. मान हलवायचे, “हो मास्तरीणबाई,” म्हणायचे, आणि भिंतीला हात धरून खोलीभर चवड्यांवर फिरायचे. कधी चुकून दिवा लागला की दोघंही घाबरून एकमेकांकडे बघायचो. एसटीत चढतानासुद्धा त्यांनी पाय इतका हळू ठेवला की कंडक्टरनं विचारलं, “बाबाजी, पायाले लागलं काय?” आता माझे गुडघे बोलायला लागले आहेत, तेव्हा कुठं मला कळतं की चवड्यांवर चालणं त्या वयात किती दुखलं असेल.

लग्न आमच्या लोकांत होतं तसं थोडक्यात आटोपलं, मग मांडवात पंगती बसल्या: वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. आजोबांचे बूट बघायला पोरंसोरं येऊन गेली, पण त्यांनी एकदाही आपटून दाखवलं नाही. “नातीची बॅटरी हाय,” सगळ्यांना सांगत होते. ऊन उतरल्यावर ते मला म्हणाले, “चाल, गाव दाखवतो तुले.” आम्ही आमच्या वस्तीतून निघालो आणि मुख्य गल्लीच्या तोंडाशी आलो. गल्लीत एका बाजूला उंच दगडी ओटा होता, ओट्यावर एक म्हातारा गृहस्थ तक्क्याला टेकून बसलेला. गल्लीच्या तोंडाशी आजोबा थांबले आणि वाकले. त्यांचा हात बुटाच्या नाडीकडे गेला. मला वाटलं नाडी सुटली. म्हणून मी खाली पाहिलं, तर नाडी बांधलेली होती आणि आजोबांची बोटं ती सोडत होती.

“आजोबा, काय करून राहिले?”

ते दचकले. हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मग हसले, पण डोळे नाहीसे झाले नाहीत. “हात आपोआप गेला पाहा,” ते म्हणाले. “ह्या ओट्यापुढून आम्हाले चपला घालून जाता नाही ये. इथं काढायच्या, हातात घ्यायच्या, तिकडल्या कोपऱ्यावर घालायच्या. बापूरावचा बाप बसे तिथं. बापूराव माह्याच वयाचा, तो बापापाशी बसून पाहे. आता तो बसून राहिला.” एवढं सांगून त्यांनी नाडी परत बांधली, नीट, दोनदा गाठ मारून, आणि गल्लीत शिरले.

आणि कसे चालले! चवड्यांवर. अंडं ठेवावं तशी टाच. मी शिकवलं होतं तसेच, आवाज न करता, दिवा न लावता, भिंतीच्या कडेकडेनं. माझी बॅटरी वाचवत. मागून बघताना ते एखाद्या चोरासारखे दिसत होते, आणि तो चोर मी बनवला होता. माझ्या छातीत काहीतरी उसळलं, ते संमेलनाहून कितीतरी मोठं होतं. अंधारातल्या उड्या, मैत्रिणींचे चेहरे, सगळं एका क्षणात नकोसं झालं. मी ओरडले, गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले.

“आजोबा, आपटा!”

त्यांनी मागं वळून पाहिलं. “बॅटरी?”

“जाऊ द्या बॅटरी! आपटा!”

पहिली टाच त्यांनी जरा भीतभीतच टेकवली. लाल दिवा लागला. दुसरी जोरात. आणि मग आजोबांना काय झालं कोण जाणे, ते पाय उचलून उचलून आपटायला लागले, धोतराचा सोगा हातात, धप्प धप्प धप्प, प्रत्येक पावलाला टाचेत लाल उजेड, आणि मी मागून टाळ्या वाजवत, उड्या मारत, “अजून! अजून!” ओरडत. कोंबड्या पळाल्या. एक कुत्रं भुंकायला लागलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या. बरोब्बर ओट्यासमोर येऊन आजोबा थांबले, आणि जागच्या जागी आणखी दोन वेळा आपटले.

ओट्यावरचा म्हातारा पुढे झुकला होता. “कोन हाय गा? डोमा काय?”

“हो. मी डोमाजी.”

“हे पायाले काय लावलं? जळून राहिलं काय?”

“जळत नाही. चमकते.”

“अजून एकडाव आपट ना गा. नीट दिसलं नाही मले.”

आजोबांनी पाय उचललाही होता. मग तो त्यांनी हळूच, चवड्यावर, खाली ठेवला. दिवा लागला नाही.

“तिथून नाहीच दिसत, बापूराव,” ते म्हणाले. “पाहायचं असन तर खाली ये.”

बापूराव रागावले असतील असं मला वाटलं, पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, टाचेकडे उकिडवं बसून बघताना आमच्या सगळ्यांच्या तोंडावर होतं तेच होतं: बघायचंच आहे. त्यांनी काठी घेतली, खांबाला धरलं, एक एक पायरी करत खाली आले आणि आजोबांसमोर वाकून, डोळे बारीक करून, त्यांच्या पायांकडे बघत उभे राहिले. तेव्हा आजोबांनी आपटलं. लाल दिवा लागला आणि मी वर पाहिलं, तर दोघंही म्हातारे हसत होते. “मले भेटन काय असे?” बापूरावांनी विचारलं. आजोबा म्हणाले, “नातीले विचार. तिचे हाय.” मग मी, चौदा वर्षांची शहाणी, गल्लीच्या मधोमध उभी राहून बापूरावांना आमच्या बैठकीचे सगळे नियम सांगितले: तुम्ही नंदनवनला या, चटईवर एक आवडतं पुस्तक ठेवा, पाच मिनिटं बोला, मग आठवडाभर न्या. बापूराव विचारात पडले. “आमच्या घरी पंचांग हाय फक्त,” ते म्हणाले.

परतीच्या एसटीत आजोबा पायऱ्यांवरसुद्धा आपटत चढले. डावा बूट काटोल येण्याआधीच विझला. संमेलनात मी एका पायावर चमकले, आणि मैत्रिणींना वाटलं की नाचच तसा बसवला आहे. पण त्याच्या आदल्या रविवारची बैठक सांगायची राहिली. पोहे झाले, चटई पडली. आईचा खुनी झाला, कार्बोरेटर झाला. आजोबांची पाळी आली तेव्हा त्यांच्या हातात कॅलेंडरच्या कागदातलं पुस्तक नव्हतं. ते पुस्तक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं, “आठवडाभर तुले,” म्हणाले, आणि चटईवर बूट ठेवले. गावच्या धुळीनं पांढऱ्याचे तांबूस झालेले. मी गावचं घरी काहीच सांगितलं नव्हतं. ते आजोबांनी सांगायचं, असं मला वाटलं होतं. बाबांनी घड्याळ वळवलं. “बोला.”

आजोबांनी दोन्ही बूट एकमेकांना जुळवून ठेवले. मग त्यांचे डोळे हळूहळू नाहीसे झाले.

“उतरला,” ते म्हणाले.

“कोण?” बाबांनी विचारलं.

“बापूराव. ओट्यावरून. माहे बूट पाहाले.”

एवढंच. पाच मिनिटांतलं एकसुद्धा मिनिट धड झालं नसेल. काहून आवडलं हे विचारायचं बाबांच्या लक्षातच राहिलं नाही. ते त्या बुटांकडे बघत होते, भुवईवर तेवढी राख राहून गेली होती. मग घसा साफ करून, आमच्यापैकी कोणाकडेच न बघता, ते म्हणाले, “छान.”

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाबा उठले, आमच्या पाचही जणांच्या तर्रीनं लाल झालेल्या ताटल्या एकात एक घातल्या, आणि मोरीत जाऊन नळ सोडला.